कोपऱ्यातला लाल इशारा कोण पाठवतं?

गोव्यातल्या फोंड्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलं की चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी एक तक्रार हमखास येते. पुण्या-बंगळूरहून पोरं घरी यायची असतात, त्याआधी घरचा कॉम्प्युटर साफ करून हवा असतो. काय झालंय विचारलं की उत्तर ठरलेलं, "व्हायरस शिरलेत. दोनशेच्या वर आहेत." आकडा कुणी मोजला? पडद्यानेच लाल अक्षरांत दाखवला.

एवढा मोठा आकडा दिसतो तेव्हा त्यात व्हायरस बहुधा एकही नसतो, जवळजवळ सगळ्या कुकीज असतात. कधी तर तो इशाराच बनावट असतो, कुणीतरी पैसे कमावण्यासाठी लावलेली जाहिरात. व्हायरस, कुकी आणि जाहिरात ही तीन निराळी प्रकरणं एकाच लाल रंगात समोर येतात आणि माणसाची गल्लत होते. ज्याने फारसं बिघडत नाही त्याला तो घाबरतो, आणि जिथे खरोखर हात पोळायचा तिथे बिनदिक्कत क्लिक करतो.

कुकी करते काय

वेबसाइटला मुळात आठवण नसते. तुम्ही एक पान उघडलं, मग दुसरं उघडलं, तर दोन्ही वेळा आलेला माणूस एकच होता हे तिला आपणहून कळत नाही. वेब नवं होतं तेव्हा ऑनलाइन दुकान काढू पाहणाऱ्यांची यामुळे पंचाईत झाली. गिऱ्हाइकाने टोपलीत टाकलेली वस्तू तो पुढच्या पानावर जाईपर्यंत लक्षात कशी ठेवायची? १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर (वेबसाइट उघडून दाखवणारं, आजच्या क्रोमसारखं सॉफ्टवेअर) बनवणाऱ्या कंपनीतल्या लू मॉन्टुली या प्रोग्रामरने तोड काढली. वेबसाइटने ब्राउझरकडे एक छोटीशी नोंद द्यायची, ब्राउझरने ती जपून ठेवायची आणि त्याच वेबसाइटकडे पुन्हा जाताना सोबत न्यायची. हीच कुकी.

ती उघडून पाहिली तर आत फार काही नसतं. कुठल्या वेबसाइटची, नाव काय, मुदत कधीपर्यंत, आणि 'अ७फ३०९क२' असल्या थाटाचा अक्षर-आकड्यांचा एक क्रमांक. साधारण चार किलोबाइटच्या पलीकडे एक कुकी जात नाही. फोनमधल्या एका फोटोच्या जागेत अशा शेकडो मावतील. ती प्रोग्राम नाही, त्यामुळे आपणहून चालू होत नाही, दुसऱ्या फाइलीत शिरत नाही, तुमचे फोटो उघडत नाही. मडगावहून दादरचं रेल्वे तिकीट काढताना दर पानावर पासवर्ड परत विचारला जात नाही, तो तिच्यामुळेच.

इथवर कुणाचं काही जात नाही. भानगड सुरू होते ती दुसऱ्या जातीच्या कुकीने. वर्तमानपत्राचं पान उघडलं तर ते सगळं एकाच ठिकाणाहून येत नाही. बातमी वर्तमानपत्राच्या सर्व्हरवरून येते, व्हिडिओ दुसरीकडून, जाहिरात तिसरीकडून. जाहिरात पाठवणारी कंपनीही जाता जाता आपली कुकी ठेवून जाते. तीच कंपनी पाककृतींच्या साइटवर, क्रिकेटच्या स्कोअरवर, विमा विकणाऱ्या पानावरही जाहिराती लावत असेल, तर प्रत्येक ठिकाणी तिला तिने दिलेला तोच क्रमांक परत दिसतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दर दुकानापाशी एकाच शेटचा एकेक पोरगा वही घेऊन उभा असावा, आणि तुम्ही सुक्या बांगड्यांचा भाव विचारलात, मिरच्या हाताळल्यात, मिरीची रोपं बघून काही न घेता पुढे गेलात, हे सगळं त्या वह्यांत टिपलं जावं, तसा हा प्रकार. तुमचं नाव शेटला ठाऊक असेलच असं नाही. पण आज तुमच्या घरी काय शिजणार याचा अंदाज त्याला संध्याकाळपर्यंत येतो.

ट्रॅकिंग कुकी म्हणतात ती हीच. ती तुमचा कॉम्प्युटर बिघडवत नाही, तुमच्या सवयींची नोंद ठेवते. हा खाजगीपणाचा प्रश्न आहे आणि तो लहान नाही. पण 'व्हायरस लागला' म्हणून धावत दुकान गाठण्याचा हा प्रसंग नव्हे.

पान उघडेपर्यंत झालेला लिलाव

योगायोग असा की वेबवरच्या पहिल्यावहिल्या बॅनर जाहिरातीही १९९४ च्याच ऑक्टोबरात हॉटवायर्ड नावाच्या साइटवर झळकल्या. त्यातली एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची सर्वांत गाजली. सुरुवातीला हे वर्तमानपत्रासारखंच होतं. जागा विकत घ्यायची, सगळ्यांना एकच जाहिरात दिसायची. कुकीची जोड मिळाल्यावर जागेऐवजी माणूस विकला जाऊ लागला. गूगलने २००८ साली डबलक्लिक ही जाहिरात कंपनी ३१० कोटी डॉलरना विकत घेतली, त्यावरून या धंद्याचं वजन लक्षात यावं.

आज तुम्ही सकाळी चहा घेता घेता बातम्यांचं पान उघडता तेव्हा मधली रिकामी चौकट लिलावाला निघते. साइटकडून निरोप जातो: अमुक पान, अमुक ब्राउझर, माणूस अंदाजे गोव्यातला, क्रमांक हा. निरनिराळ्या जाहिरातदारांच्या वतीने बसलेली सॉफ्टवेअरं आपापल्या वहीत तो क्रमांक शोधतात आणि बोली लावतात. जिंकणाऱ्याची जाहिरात चौकटीत येते. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उरकतं, बातमीतला माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर बांधलेल्या फळा-पानांच्या सजावटीचा, फोटो पुरता उमटायच्या आधी.

यातून एक नेहमीचं कोडं सुटतं. पावसात सारखी वीज जाते म्हणून जूनमध्ये कुणीतरी इन्व्हर्टर शोधतो, दोन दिवसांत बाजारातल्या दुकानातून रोख देऊन घेतोही, आणि मग पुढचे कित्येक दिवस इन्व्हर्टरच्या जाहिराती त्याची पाठ सोडत नाहीत. कारण तुम्ही पाहिलंत हे वहीत आहे, घेतलंत हे नाही. एवढी अफाट यंत्रणा आणि अक्कल ही इतकीच, याची मला अजूनही गंमत वाटते.

दुसरं कोडं घरोघरी भांडण लावतं. बायकोने तिच्या फोनवर साड्या पाहिल्या आणि नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर साड्या दिसू लागल्या. यात कुणी कान लावून बसायची गरज नाही. दोघं एकाच वायफायवर आहेत, त्यामुळे बाहेरून दोघांचा इंटरनेटवरचा पत्ता एकच दिसतो. त्यात घरातल्या कॉम्प्युटरवर बायकोचंच ईमेल उघडं राहिलेलं असलं तर विचारायलाच नको.

मग अँटीव्हायरस कुकीला धोका का म्हणतो?

२००० नंतरच्या काही वर्षांत घरचे कॉम्प्युटर स्पायवेअरने, म्हणजे चोरून माहिती पळवणाऱ्या सॉफ्टवेअरने, भरून गेले होते. ब्राउझर तेव्हा आजच्याइतके सावध नव्हते. स्पायवेअर शोधणारी जी खास सॉफ्टवेअरं निघाली त्यांनी ट्रॅकिंग कुकीजही आपल्या यादीत घेतल्या. हेतू अगदीच वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण त्यात धंद्याची सोयही होती. स्कॅन करून 'काही सापडलं नाही' असं दर वेळी दिसलं तर वर्षाचे पैसे कोण भरणार? 'एकशे नव्वद धोके सापडले' म्हटलं की पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. आणि कुकीजचा पुरवठा कधी संपत नाही. आज पुसल्या तरी उद्या बातम्या वाचल्या की परत जमा.

कवळ्याचे एक निवृत्त शिक्षक, आम्ही सगळे त्यांना मास्तरच म्हणतो, आपला सीपीयू स्कूटरच्या पुढ्यात ठेवून घेऊन आले होते. स्कॅनची यादी मी त्यांच्यासमोर उघडली. डावीकडे लाल ठिपके, आणि प्रत्येक ओळीत शेवटी 'तीव्रता: कमी'. मास्तरांनी चष्मा लावून पहिल्या दहा-बारा ओळी पेपर तपासावा तशा वाचल्या.

"सगळीकडे कुकीच लिहिलंय रे बाबा."

"होय मास्तर. आता ही खालची ओळ बघा."

शेवटून तिसऱ्या ओळीत 'ट्रोजन' होता, म्हणजे कामाच्या फाइलीचं सोंग घेऊन शिरणारं घातक सॉफ्टवेअर. जागा: डाउनलोड्सचं फोल्डर. फाइल: फुकटात मिळालेलं ऑफिस चालू करून देणारं 'क्रॅक'. भाच्याने इन्स्टॉल करून दिलं होतं. बाकी सगळी यादी पुसली काय, ठेवली काय, फरक पडणार नव्हता. ही एक ओळ मात्र खरी होती, आणि कुकीजच्या गर्दीत ती कुणालाच दिसली नव्हती. मोठ्या आकड्याचं खरं नुकसान हे आहे.

म्हणून इशारा आला की आकड्याकडे बघू नका, 'डिटेल्स' उघडा आणि दोन रकाने वाचा: नाव आणि जागा. नावात 'ट्रॅकिंग कुकी' असेल आणि जागा ब्राउझरची असेल तर निवांत चहा घ्या. 'ट्रोजन', 'रॅन्सम', 'स्टीलर' असले शब्द दिसले तर ती फाइल अँटीव्हायरसला क्वारंटाइन करू द्या, म्हणजे वेगळी कोंडून ठेवू द्या. 'पीयूए' म्हणजे नको असलेलं सॉफ्टवेअर; दुसरं काही उतरवताना त्याच्यासोबत चिकटून आलेला टूलबार वगैरे. ते काढून टाकलेलं बरं.

एक गोष्ट मात्र कुकीच्या बाजूने बोलताना सांगायलाच हवी. तुम्ही ईमेलमध्ये किंवा यूट्यूबवर लॉगिन करता तेव्हा मिळालेली कुकी म्हणजे 'हा माणूस आत आलेला आहे' याचा पुरावा असतो. वर सांगितलेल्या क्रॅकसारख्या फाइलींमधून येणारे 'स्टीलर' नेमक्या याच कुकीज उचलून पळवतात. त्या चोराच्या ब्राउझरमध्ये घातल्या की पासवर्ड लागत नाही, ओटीपीही येत नाही, कारण साइटच्या दृष्टीने तुम्ही आधीच आत आहात. यूट्यूब चॅनेल हातोहात गेल्याच्या बऱ्याच कहाण्यांमागे हेच असतं. इथे गुन्हेगार कुकी नव्हे, ती चोरीला गेलेला ऐवज आहे.

आणि रखवालदारानेच वही विकली तर? अवास्ट या नावाजलेल्या अँटीव्हायरस कंपनीने आपल्याच वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. जंपशॉट त्याआधीच, २०२० मध्ये, बंद झाली होती. माग काढण्यापासून वाचवतो म्हणून विकलेलं सॉफ्टवेअर स्वतःच माग काढत होतं. 'फुकटातला अँटीव्हायरस इन्स्टॉल करून द्या' असं कुणी म्हटलं की मला हे प्रकरण आठवतं.

इशारा नव्हे, जाहिरात

आता सर्वांत महत्त्वाचं. आजकाल दुकानात येणाऱ्या 'व्हायरस'च्या तक्रारींत कोपऱ्यातल्या नोटिफिकेशनचा वाटा सर्वांत मोठा. उजवीकडे खाली चौकोन येतो. वर ओळखीच्या अँटीव्हायरसचं चिन्ह, खाली मजकूर: तुमची मुदत संपली आहे, पाच व्हायरस सापडले आहेत, लगेच नूतनीकरण करा. विंडोजचे खरे निरोपही तिथेच येतात, त्यामुळे शंका येत नाही.

हे घडतं कसं ते पाहा. कुणीतरी क्रिकेटचा सामना फुकट बघायला किंवा एखादी पीडीएफ उतरवायला भलत्या साइटवर जातो. पान म्हणतं, 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा.' वर ब्राउझरची छोटी चौकट आलेली असते, तीत खरं तर लिहिलेलं असतं की ही साइट तुम्हाला नोटिफिकेशन पाठवू मागते. माणूस अलाऊ दाबतो आणि परवानगी देऊन बसतो. मग ते पान बंद केलं, त्या साइटकडे पुन्हा कधी फिरकलं नाही, तरी ती हवं तेव्हा तुमच्या कोपऱ्यात चौकोन पाठवू शकते. व्हायरस नाही, काही इन्स्टॉल झालेलं नाही. म्हणूनच अँटीव्हायरसने कितीही स्कॅन केलं तरी काही हाती लागत नाही.

असा चौकोन आला तर तो नीट वाचा. त्यात कुठेतरी बारीक अक्षरांत ब्राउझरचं नाव आणि एखादी कधी न ऐकलेली वेबसाइट लिहिलेली असते. तुमच्या अँटीव्हायरसला तुमच्याशी बोलायला क्रोमची गरज लागत नाही. उपाय दोन मिनिटांचा आहे. क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके, मग सेटिंग्ज, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स'. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. अनोळखी नावं काढून टाका. यासाठी कुणी पाचशे रुपये मागितले तर देऊ नका, हे मी स्वतःच्या पोटावर पाय देऊन सांगतोय.

पाठवणाऱ्याला काय मिळतं? कधी दुवा खोट्या पानावर नेतो आणि कार्डाचा तपशील काढून घेतो. कधी तो खऱ्या कंपनीच्या खऱ्या विक्रीच्या पानावर नेतो आणि गिऱ्हाईक आणून दिल्याचं कमिशन मधल्या माणसाला मिळतं. दुसऱ्या प्रकारात तुम्हाला खरंच सॉफ्टवेअर मिळतं, फक्त ते घ्यायचं कारण खोटं असतं.

भीती विकण्याचा हा धंदा नवा नाही. इनोव्हेटिव्ह मार्केटिंग या कंपनीच्या मंडळींनी खोटे स्कॅन दाखवून दहा लाखांहून जास्त लोकांच्या गळ्यात निरुपयोगी सॉफ्टवेअर मारलं होतं. त्यावरच्या अमेरिकेतल्या खटल्यात २०१२ मध्ये १६ कोटी ३० लाख डॉलरचा निकाल लागला. साइट प्रतिष्ठित असली की असं होत नाही, हाही भ्रमच. सप्टेंबर २००९ मध्ये खुद्द न्यूयॉर्क टाइम्सच्या वेबसाइटवर वाचकांना खोट्या अँटीव्हायरसचे इशारे दिसले. भामट्यांनी एका नामांकित इंटरनेट-टेलिफोन कंपनीचं नाव सांगून जाहिरातीची जागा घेतली होती, काही काळ खरीच जाहिरात चालवली, आणि नंतर ती बदलली. वर लिलावाचं सांगितलं ते आठवा. चौकटीत काय येणार हे वर्तमानपत्रालाही आधी माहीत नसतं.

पडदा भरून येणारा प्रकार जास्त वाईट. आवाज करतो, बंद होत नाही, आणि मधोमध 'मायक्रोसॉफ्ट सपोर्ट'चा म्हणून फोन नंबर असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे कंपनीनेच स्पष्ट केलेलं आहे. नंबर दिसला की तिथेच निकाल लागला. एस्केपचं बटण काही सेकंद दाबून धरा, पडदा लहान होतो. नाहीच झाला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. परत उघडल्यावर 'जुनी पानं पुन्हा उघडू का' विचारलं तर नाही म्हणा.

फोन केलात तर पलीकडचा गोड बोलणारा माणूस तुमचा कॉम्प्युटर दुरून चालवायची परवानगी मागेल. ती देऊन झाली असेल तर आधी इंटरनेटची वायर काढा किंवा राउटर बंद करा, बँकेला फोन करा, पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. पैसे गेले असतील तर १९३० हा राष्ट्रीय क्रमांक लगेच लावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे गोव्यात सायबर गुन्ह्यांचं पोलीस ठाणं रायबंदरला आहे, तिथेही जाता येतं. लाजेपायी गप्प बसणारे फार.

घरच्या घरी

विंडोजमध्ये आता स्वतःचा अँटीव्हायरस असतो आणि घरच्या वापराला तो पुरतो, असं माझं मत आहे. त्यापेक्षा विंडोज कुठलं आहे ते बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढची सोय न केलेल्या विंडोज १० वर बसून कुकीजची चिंता करणं म्हणजे उंबरठा झाडायचा आणि मागचं दार सताड उघडं ठेवायचं.

ट्रॅकिंग कुकीजचा बंदोबस्त ब्राउझरमध्येच होतो. फायरफॉक्सने २०१९ पासून माहीत असलेल्या ट्रॅकर्सच्या कुकीज आपणहून अडवायला सुरुवात केली, ॲपलच्या सफारीने २०२० मध्ये थर्ड-पार्टी, म्हणजे उघडलेल्या साइटच्या नव्हे तर बाहेरच्यांच्या, सगळ्याच कुकीज बंद केल्या. क्रोमने २०२० मध्येच तसं जाहीर केलं, तारखा पुढे ढकलत नेल्या, २०२४ मध्ये बेत बदलला. क्रोम ज्या गूगलचा, जाहिरातीचा सर्वांत मोठा धंदाही त्याच गूगलचा, तेव्हा नवल कसलं. क्रोमच्या सेटिंगमध्ये थर्ड-पार्टी कुकीज तुम्ही हाताने बंद करू शकता. वेबसाइट उघडताच 'स्वीकारा' म्हणून जी पट्टी येते ती मुळात युरोपच्या कायद्यांची देणगी. नकाराचं बटण असेल तर ते दाबल्याने बहुतेक ठिकाणी काही अडत नाही.

जाहिराती अडवायला फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन हे ब्राउझरला जोडायचं एक्स्टेन्शन, क्रोमवर त्याचीच 'लाइट' आवृत्ती. खोट्या इशाऱ्यांच्या जाहिराती त्यातच बऱ्याच गळतात. रोज वाचता त्या मराठी वर्तमानपत्राच्या साइटवर मात्र ते बंद ठेवायला हरकत नाही, त्यांचं पोट त्याच चौकटींवर आहे.

सगळ्या कुकीज एकदम पुसण्याआधी घरात एक चौकशी करा: ईमेलचा पासवर्ड कुणाला आठवतो का? कुकीज गेल्या की सगळीकडून लॉगआउट होतं आणि संध्याकाळी दुकानात फोन येतो की मेल उघडत नाही.

राहता राहिला तो नव्या लॅपटॉपसोबत काही महिन्यांसाठी फुकट आलेला अँटीव्हायरस. त्याचे 'मुदत संपली' हे इशारे खरे असतात, पण पैसे भरलेच पाहिजेत असं नाही. तो अनइन्स्टॉल करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, 'विंडोज सिक्युरिटी' उघडा. तिथे व्हायरस संरक्षणापुढे हिरवी खूण दिसली की विंडोजने स्वतःचं काम हाती घेतलं.